निळ्या दोऱ्याची पाहुणी

शेडमध्ये शिरताना निळ्या चपला, बाहेर पडताना तपकिरी, हा नियम तिने सहा वर्षांत मोडला नव्हता. मोडला तो एका कोंबडीपायी, आणि तीही धड उभं राहता न येणाऱ्या.

शेड घरामागे साठ पावलांवर. लांबट, वर पत्रा, दोन्ही अंगांना जाळी आणि जाळीवर वर-खाली होणारे पडदे. आत साडेचार हजार पक्षी. कंपनीची माणसं कोंबडी म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात. तिच्याही तोंडात तोच शब्द बसला होता. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. छप्पर, वीज, पाणी आणि राबणं तिचं. एका दिवसाची पिल्लं यायची आणि चाळिसाव्या दिवशी दोन-सव्वादोन किलोची होऊन गाडीत चढायची. मग खालचं तूस उपसायचं, सगळं धुऊन चुना मारायचा, सोळा दिवस शेड रिकामी ठेवायची आणि पुन्हा पिल्लं.

सकाळी साडेसहाची फेरी तिची. हातात बादली. भिंतीलगत सुरुवात करून नागमोडी जात दुसऱ्या टोकाला पोचायचं. मेलेले उचलायचे. आणि जे मेले नाहीत पण पाय फाकवून बसलेत, खाद्यापर्यंत पोचत नाहीत, ते काढायचे. काढायचे म्हणजे डाव्या हातात पाय, उजव्या हातात मान, एक ओढ, एक पीळ. तीन सेकंद. दाराशी टांगलेल्या कार्डावर दोन रकाने होते, ‘मेलेले’ आणि ‘काढलेले’. बाकीचे शेडवाले दोन्ही एकातच ढकलायचे. ती वेगळे लिहायची, आणि खरे लिहायची.

घरात एक गोष्ट कुणी ठरवली नव्हती, तरी सगळे पाळत होते. शेडमधला पक्षी स्वयंपाकघरात येत नसे. कंपनी दर बॅचला दोन पक्षी घरी खायला सोडायची. ती ते गाडी भरायला येणाऱ्या हमालांना देऊन टाकायची. घरात शिजायची ती आबांची कोंबडी.

आबा म्हणजे तिचे सासरे. उभं आयुष्य वखारीतल्या वजनकाट्यावर गेलेलं, त्यामुळे बोलणंही तोलूनमापून. घराच्या दुसऱ्या अंगाला त्यांच्या बारा मोकळ्या कोंबड्या. तांबड्या, काळ्या, एक राखाडी. दिवसभर उकरायच्या, धुळीत लोळायच्या, ऊन उतरलं की आपापल्या पायांनी खुराड्यात जायच्या. कंपनीच्या कागदात नववं कलम होतं : आवारात दुसरा कुठलाही पक्षी पाळू नये. सुपरवायझर दर आठवड्याला यायचा आणि नवव्या कलमाकडे कानाडोळा करायचा, कारण दोन-तीन महिन्यांतून एकदा तो आबांच्या समोर पाटावर जेवायला बसायचा.

‘वहिनी, खरं सांगू? आमच्या मालाला ही चव नाही,’ हाड चोखत तो म्हणायचा.

‘मग तुमच्या पाकिटावर हिरवळीत फिरणारी कोंबडी छापलीय, ती कुठली?’ आबा विचारायचे.

‘ती छापखान्यातली हो, आबा.’

आणि सगळे हसायचे. तीही.

पैज लागली ती एका बॅचच्या बाराव्या दिवशी. ती बादली घेऊन बाहेर आली तेव्हा आबा भिंतीला खुर्ची टेकवून बसले होते.

‘किती आज?’

‘पाच.’

‘त्यातले जिवंत किती होते?’

हा प्रश्न त्यांनी आजवर विचारला नव्हता. तिला तो आवडला नाही.

‘आबा, त्यांची जातच तशी. मांस भराभरा धरतं, हाडं मागे पडतात. बाहेर सोडले तरी दोन पावलं टाकायचे नाहीत. हाल होऊन मरण्यापेक्षा हे बरं.’

हे वाक्य सुपरवायझरने तिला पहिल्या दिवशी, मान कशी पिळायची ते दाखवताना ऐकवलं होतं. सहा वर्षं घोकून घोकून ते तिचं झालं होतं.

‘सोडून बघितलंस कधी?’

तिने बादली दुसऱ्या हातात घेतली.

‘छपराचा दोष कोंबडीच्या माथी मारू नकोस, पोरी. तुझ्या बादलीतला एक मला दे. दोन महिन्यांनी माझ्या कोंबडीशेजारी शिजवून वाढतो. तुझी कुठली नि माझी कुठली, जिभेनं सांगायचं.’

‘आणि सांगितलं तर?’

‘तर तुझ्या बादलीबद्दल जन्मात चकार शब्द काढणार नाही.’

‘नाही सांगता आलं तर?’

‘मी म्हणेन ते एकदा करायचं.’

ती हसली. जिंकायची तिला खात्री होती. ब्रॉयलरचं मांस ओळखायला जीभ कशाला, नुसतं बोट लावलं तरी कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाद्याच्या भांड्यापासून हातभर अंतरावर एक पिल्लू पाय दोन्हीकडे टाकून बसलेलं दिसलं. चोच भांड्याकडे, अंग जागच्या जागी. तिने ते बादलीत न टाकता ॲप्रनच्या खिशात घातलं आणि कार्डावर ‘काढलेले’च्या रकान्यात त्याचा आकडा धरला. तो तिचा पहिला खोटा आकडा.

आबांनी त्याच्या पायात निळा दोरा बांधला. तिच्या नवऱ्याने नाव ठेवलं, पाहुणी. ‘आली तशी जाणार ना! आणि तोवर हिच्या हातात सगळं आयतं द्यायचं.’

आयतं मात्र आबांनी दिलं नाही. पहिल्या दिवशी वाटी पाहुणीच्या चोचीला लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी वीतभर लांब सरकवली. तिसऱ्या दिवशी आणखी वीतभर. पाहुणी पंखांवर भार टाकून घसटत जायची, मध्येच बसायची. आबा पेपर वाचत असल्यासारखं करायचे आणि पेपरावरून बघत राहायचे. आठवड्याने ती उभी राहिली. वीस दिवसांनी अंगण ओलांडू लागली, लग्नघरातल्या एखाद्या जाडजूड मावशीसारखी डुलत, मध्ये दम खात. मोकळ्या कोंबड्यांनी आधी तिला टोचलं, मग तिच्याकडे दुर्लक्ष केलं. एके दिवशी ती धुळीत लोळताना दिसली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

‘मला चालायला शिकवताना आबांनी एवढा वेळ दिला नसेल,’ नवरा म्हणाला.

‘तू पडलास की रडायचास,’ आबा म्हणाले. ‘ही रडत नाही.’

आणि इथेच चपलांचं घडलं. पाहुणी आबांच्या वाटीला ओळखायची, पण माणसांत ओळखायची ते फक्त निळ्या चपलांना. जन्मल्यापासूनच्या पहिल्या तेरा दिवसांत, जमिनीलगतच्या त्या नजरेला दाणापाण्याबरोबर दिसलं होतं ते तेवढंच. सून तपकिरी चपला घालून आली तर पाहुणी ढिम्म. निळ्या घालून आली की अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून डुलत डुलत यायची आणि चपलेच्या पट्ट्यावर चोच मारायची. तेवढं बघायला म्हणून ती सकाळची फेरी संपल्यावर चपला न बदलता दहा-पंधरा पावलं पुढे जायची. मग परत शेडच्या दाराशी येऊन, चुन्याच्या ट्रेमध्ये पाय बुडवून, राहिलेलं काम उरकायची. बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून चुना आहेच की, असं मनाशी म्हणायची.

ती बॅच गेली. सोळा दिवस शेड रिकामी राहिली. नवी पिल्लं आली.

नव्या बॅचच्या अठराव्या दिवशी दार उघडल्या उघडल्या तिला आवाज वेगळा वाटला. साडेचार हजार पक्ष्यांचा मिळून एक आवाज असतो. त्याच्याखाली आज बारीक शिंका होत्या. त्या दिवशी कार्डावर मेलेले नऊ. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी एकतीस, आणि दहाच्या सुमाराला सुपरवायझरची मोटारसायकल फाटकाशी.

त्याने आत जाऊन दोन पक्षी उचलून कानाशी धरले. छातीतली घरघर ऐकली. बाहेर आला, हात धुतले, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात अंगणाच्या कडेने एक पांढरी, गुबगुबीत कोंबडी लगबगीने आली आणि वहिनींच्या चपलेवर टकटक चोच मारू लागली.

सुपरवायझरने कोंबडीकडे बघितलं. तिच्या पायातला दोरा बघितला. मग चपला बघितल्या.

‘वहिनी, ह्या शेडच्या ना?’

‘हो.’

‘कधीपासून?’

पाहुणीने दुसऱ्या चपलेलाही चोच मारली.

‘उद्या दुपारी डॉक्टर येतायत,’ तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. ‘तोवर आवारात पीससुद्धा दिसता कामा नये.’

‘बहिणीकडे पाठवते सगळ्या.’

‘अजिबात नाही. ह्या रस्त्याला पंचवीस शेड आहेत. आज तुमची, उद्या त्यांची. संपवायच्या आणि खड्ड्यात चुना घालून पुरायच्या. नाहीतर पुढची पिल्लं विसरा. माझ्या हातात काही राहणार नाही.’

आबा खुर्चीतून उठले. ‘कुणाचं कुणाला लागलं, हे कसं ओळखलंत? माझ्या कोंबड्या इतकी वर्षं शिंकल्या नाहीत.’

‘ते मलाही माहीत नाही, आबा. डॉक्टरांनाही कळणार नाही. पण इकडे साडेचार हजार आहेत आणि तिकडे तेरा.’ मोटारसायकलला किक मारताना त्याने मान वर केली नाही. ‘मला काय बरं वाटतंय का?’

तो गेल्यावर ती पायरीवर बसली. घर शेडवर चालत होतं, यात वादाला जागा नव्हती. नवऱ्याच्या गोदामातली नोकरी असून नसून सारखी. तीन दिवसांत एकोणसाठ पक्षी गेले होते, आणि कारण कदाचित एवढंच की तिला एकाचं डुलत येणं बघायचं होतं. कदाचित नसेलही. ते ‘कदाचित’ तिला पोखरत होतं.

‘आबा...’

‘मी कुठे नाही म्हटलं?’ आबा म्हणाले. ‘पण खुराड्यात कोंडून नको. उजेडात कर.’

चार वाजता नवऱ्याने खड्डा खणला. कोंबड्या लांब पांगल्या होत्या. ती त्यांना वळवायला गेली, तशा त्या आणखी पांगल्या. तेव्हा आबांनीच वाटी उचलली आणि खुर्चीच्या हातावर वाजवली. रोजच्यासारख्या सगळ्या धावत आल्या.

तिच्या हातांना मऊ मानांची सवय होती. मोकळ्या कोंबडीची मान वेगळी. दोरासारखी पीळदार, बोटांना उलटा जोर देणारी. पहिलीलाच तीन सेकंद पुरले नाहीत. राखाडीला तर इतका वेळ लागला की नवरा म्हणाला, ‘दे, मी करतो,’ आणि ती म्हणाली, ‘तुम्हाला जमायचं नाही. तिचे आणखी हाल होतील.’ आबा वाटी मांडीवर धरून बसले होते. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

शेवटी पाहुणी राहिली. ती भिंतीशी उभी होती आणि जवळ येईना. सुनेने वाटी दाखवली, बोलावलं, दोन पावलं पुढे गेली. पाहुणी दोन पावलं मागे सरली.

‘निळ्या घाल,’ आबा म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग शेडच्या दारापाशी जाऊन तपकिरी चपला काढल्या आणि निळ्या घातल्या.

अकरा कोंबड्या खड्ड्यात गेल्या. एक तांबडी आणि पाहुणी आबांनी बाजूला काढून ठेवल्या. नवरा कुरकुरला, पण आबांनी एवढंच म्हटलं, ‘शिजवलं की रोगबिग राहत नाही. पैज ती पैज.’

नवऱ्यानेच शिजवलं. दोन सारखी पातेली, दोन्हींत सारखा कांदा, सारखं मीठ, थोडी मिरी, बाकी काही नाही. ओट्यावर एकीकडे बारीक आच, एकीकडे बारीक आच. पाहुणीच्या पायातला दोरा त्याने सोडवून एका वाटीच्या बुडाला चिकटवला आणि दोन्ही वाट्या दोघांच्या मध्ये ठेवल्या.

आबांनी पहिल्या वाटीतला तुकडा बराच वेळ चघळला. ‘ही माझी,’ ते म्हणाले. दुसऱ्या वाटीतला खाल्ला. थांबले. ‘ही पण माझीच.’

आता तिची पाळी. खाण्यावर वासना नव्हती, पण जिंकायचं होतं. आता तर जास्तच. ह्या सगळ्यातून तिच्या पदरात पडण्यासारखं तेवढंच उरलं होतं. पहिला तुकडा दातांना भिडला. चिवट नव्हे, भरीव. रसाला खोल, किंचित गोडसर चव. दुसरा तुकडाही चांगला होता, पण पहिल्यात काही जास्त होतं.

‘ही मोकळी,’ तिने पहिल्या वाटीवर बोट ठेवलं.

नवऱ्याने वाटी उचलून तिरकी केली. बुडाला निळा दोरा.

कुणी हसलं नाही. आबासुद्धा नाही. तिने हात धुतले आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. रोज चार-पाच, कधी आठ. एका बॅचचे चाळीस दिवस, वर्षाच्या सहा बॅचा, सहा वर्षं. गुणाकार तिला करायचा नव्हता, तो आपोआप होत होता. त्यांची जातच तशी, असं प्रत्येक वेळी. आणि जातीला फक्त एक वाटी हवी होती, रोज वीतभर लांब सरकणारी.

‘सांगा, काय करायचं ते,’ ती पाठमोरीच म्हणाली.

‘ह्या बॅचचे दोन पक्षी कंपनी देईल,’ आबा म्हणाले. ‘हमालांना एकच दे. एक घरात शिजव. मला बघायचंय आपण जगाला काय खायला घालतो ते.’

डॉक्टर आले, औषध दिलं, शिंका थांबल्या. कारण त्यांनाही सांगता आलं नाही. पुढची पिल्लं मिळतील, असा निरोप आला.

अडतिसाव्या दिवशी सुपरवायझर वजनं घ्यायला आला. स्वयंपाकघरातून वास येत होता.

‘जेवूनच जा,’ ती म्हणाली. ‘कोंबडी केलीय.’

‘अरे वा!’ मग तो थबकला. रिकाम्या अंगणाकडे बघितलं. ‘कुठली?’

‘शेडमधली.’

‘नको वहिनी.’ त्याने घड्याळ बघितलं. ‘घरून खाऊनच निघालोय.’

‘अहो, आता तर वा म्हणालात,’ आबा आतून म्हणाले. पण मोटारसायकल तोवर सुरू झाली होती.

तिघं जेवायला बसले. मांस मऊ होतं. हाडावरून नुसतं बोट लावताच सुटत होतं, आणि चव कांद्याची आणि मिरीची होती. आबांनी सगळं संपवलं. मग ताट बाजूला सारून म्हणाले, ‘मीठ बरोबर आहे.’

ती उठली नाही. तिने पातेल्यातलं उरलेलं स्वतःच्या ताटात वाढून घेतलं आणि तेही खाल्लं.

पुढच्या बॅचला तिने शेडच्या एका कोपऱ्यात फळ्या उभ्या करून चौकोन केला. कागदात तसं करू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने दोनदा वाचून बघितला. पाय फाकवून बसलेलं पिल्लू दिसलं की बादलीऐवजी तिथे. आबांसाठी निळ्या चपलांचा दुसरा जोड आणला. आयुष्यात पहिल्यांदा ते शेडमध्ये शिरले, वासाने मिनिटभर नाकाला रुमाल लावला, मग बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि वाटी सरकवू लागले.

सगळी चालली नाहीत. एकवीस पिल्लांपैकी बारा तिला काढावीच लागली, उशिरा, आणि मोठी झालेली मान हाताला जास्त लागली. हे जास्त चांगलं की वाईट, ते तिला ठरवता येईना. नऊ मात्र उभी राहिली. चालायला लागली की ती फळी उचलून त्यांना बाकीच्यांत सोडून द्यायची. चौकोनात जागा थोडी होती.

चाळिसाव्या दिवशी पहाटे गाडी आली. हमाल दोन्ही हातांत चार-चार पक्षी पाय धरून उलटे नेत होते आणि क्रेट भरत होते. ह्या वेळी ती नेहमी घराकडचा पडदा ओढून आत जायची. आज ती दाराशी उभी राहिली, शेजारी आबा. पांढऱ्यावर पांढरे पक्षी पुढून जात होते.

‘त्यातले आपले नऊ कुठले गं?’ आबांनी विचारलं.

ती बघत राहिली. एक क्रेट भरला, दुसरा भरला.

‘दोरे बांधले नव्हते, आबा,’ ती म्हणाली.